तात्पुरत्या झोपड्यांचं चिन्ह

आमच्या वाटूरचा मच्छिंद्रतात्या फौजेतून परतला तो एक पुस्तक घेऊन. बाकीच्यांनी घोंगड्या आणल्या, बूट आणले. याने आणलं मेणकापडात गुंडाळलेलं वीतभर पुस्तक. त्यात फौजी शब्दांचे अर्थ होते, बिनतारी यंत्रावर बोलायच्या खुणा होत्या आणि मागच्या पानांवर नकाशातली चिन्हं: विहीर, देऊळ, कच्चा रस्ता, पक्का रस्ता. ब्रह्मदेशच्या लढाईत तो तोफखान्यासाठी नकाशे वाचायचा. गावात त्याची टिंगल व्हायची, कारण बोलणं संपलं की तो बिनतारीवरच्यासारखं "ओव्हर" म्हणून गप्प बसायचा. त्याची बायको साळूबाई सांगायची, "भांडतानाबी ओव्हर म्हणतेत. मंग माझं भांडायचंच राहून जातंय."

टिंगल करणाऱ्यांत मीही होतो, हे कबूल करतो. पण त्या पुस्तकावर त्याचा जीव होता. शेती बेताची, बोलणं अघळपघळ नाही. चार माणसांत मान मिळावा असं त्याच्यापाशी तेवढं एकच होतं.

बावन्न साली सरकारी मोजणीवाले नवा नकाशा करायला आले, तेव्हा तात्या आठ दिवस त्यांच्याबरोबर हिंडला. टेकडीखालच्या वस्तीवर अकरा झोपड्या होत्या, मातीच्या भिंतींच्या, गवताने शाकारलेल्या. चिन्ह कायम घरांचं टाकायचं की तात्पुरत्या झोपड्यांचं, याबद्दल मोजणीदार घुटमळला. तात्याच्या पुस्तकात लिहिलं होतं की दरसाल नव्याने उभारतात त्या तात्पुरत्या. दारात झुंबरबाई उभी होती, वस्तीतली सगळ्यांत जाणती बाई. तात्याने तिला विचारलं, "छप्पर दरसाल नवं करता का?"

"दरसाल," ती तोऱ्यात म्हणाली. "सडक्या गवताखाली आम्ही राहत न्हाई."

"पण ही माणसं तर इथलीच जुनी दिसतात," मोजणीदार म्हणाला. तात्याने पुस्तक उघडून त्या ओळीवर बोट टेकवलं. सरकारी माणसाने आपलं ऐकलं याचा त्याला इतका आनंद झाला की महिनाभर तो तेवढंच सांगत होता, काय ऐकलं ते नाही.

सत्तावन्न साली वस्तीने पिण्याच्या पाण्याच्या विहिरीसाठी अर्ज केला. तो लिहून दिला तात्यानेच. मी तेव्हा तालुक्याला कचेरीत कारकून होतो. चौकशीच्या दिवशी झुंबरबाई आणि तात्या दोघं आले. साहेबांनी नकाशा पसरला आणि म्हणाले, "इथे तात्पुरत्या झोपड्या दाखवल्यात. त्यांना विहीर देता येत नाही."

"साहेब, माझी सासू तिथंच मेली, तिची सासूबी तिथंच," झुंबरबाई म्हणाली. "आम्हाला तात्पुरतं कोणी लिहिलं?"

तात्या नकाशावर वाकला होता. तो सरळ झाला आणि दाराकडे बघू लागला. त्या खोलीत उत्तर ठाऊक असलेला तो एकटाच होता.

चार दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. साळूबाईला वाटलं, पोट बिघडलं. पाचव्या दिवशी तो ओढ्यातल्या झिऱ्यावर गेला. तिथे वस्तीतल्या बाया खड्ड्यात साचणारं पाणी वाटीवाटीने भरत बसल्या होत्या. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "तुम्हाला तात्पुरतं मीच लिवायला लावलं. तो मोजणीदार न्हाई म्हणून राह्यल्ता, मी पुस्तक दाखवलं."

झुंबरबाईने हातातली वाटी घागरीत रिकामी केली. "आम्हाला सांगून काय व्हतंय, तात्या? जिथं सांगायचं तिथं सांग."

दुसऱ्या दिवशी तो पुस्तक घेऊन कचेरीत हजर. साहेब वाईट नव्हते, पण कायद्यात अडकलेले. ते म्हणाले, "माहिती जाणकाराने दिली असेल तर नकाशा बरोबरच धरावा लागतो. अडाण्याने दिली असेल, तर दुरुस्तीला वर पाठवता येईल. तुमचं काय लिहायचं?"

मी टाक शाईत बुडवून थांबलो होतो.

"लिवा, अडाणी होता म्हणून," तो म्हणाला.

मी लिहिलं: माहिती देणारा इसम अडाणी असून त्यास नकाशातील चिन्हांचे ज्ञान नाही. याच कागदावर पुढे विहीर मंजूर झाली आणि पाणीही लागलं. पण ते वाक्य त्याला वाचून दाखवताना मला माझीच लाज वाटत होती.

त्याने सहीसाठी हात पुढे केला. साहेब नजर न उचलता म्हणाले, "अडाणी लिहिलंय, मग सही कशी चालेल? अंगठा घ्या."

मी शाईची गादी त्याच्यापुढे सरकवली. त्याने पुस्तक काखेत धरलं आणि डावा अंगठा गादीवर टेकवला.