उलटापालट बाई

आमच्या शाळेतली पोरं तिला ‘उलटापालट बाई’ म्हणायची. शिक्षक-खोलीत तिची खुर्ची माझ्या शेजारी आणि तिचा वर्गही माझ्या शेजारी, त्यामुळे हे नाव किती खरं आहे ते मीच सांगू शकते. मी गणित शिकवते. ती भाषा शिकवायची, आणि दहावीला एक जुनं नाटक. शिकवायची म्हणजे काय, तर बाकं भिंतीला सारून पोरांना उभं करायची.

नाटकात एक न्यायाधीश, आणि मुलासाठी गयावया करत त्याच्या दारी आलेली म्हातारी आई. तो तिचं ऐकून घेत नाही. बाईचा नियम एकच, आज ज्याने न्यायाधीश वाचला त्याने उद्या आई वाचायची. मिसरूड फुटलेला पोरगा म्हातारीचं बोलणं वाचू लागला की वर्ग आधी खिदळायचा, मग हळूहळू गप्प व्हायचा. भिंतीपलीकडे माझी समीकरणं खोळंबायची. माझी चिडचिड व्हायची, खोटं कशाला बोलू?

यंदा संस्थेने नाटकाचा तास बंद केला. त्या जागी सराव परीक्षा. नाटकाचा सारांश पोरांनी घरी वाचायचा.

“सोड ना,” मी म्हटलं. “पगार तेवढाच मिळणार आहे.”

“हे गेलं तर मी नुसती शुद्धलेखन तपासायला उरेन गं,” ती म्हणाली. “दुसऱ्याच्या जागी उभं राहायला या पोरांना पुन्हा कोण लावणार?”

तिची सगळी भिस्त संस्थेच्या अध्यक्षावर होती. तो तिचाच विद्यार्थी. संमेलनात त्याने न्यायाधीश असा वठवला होता, की पालक उभे राहून टाळ्या वाजवत होते. सोबतीला तिने मला नेलं.

“या, बाई, या!” तो लगबगीने उठला. तिने विषय काढायच्या आतच खुर्ची मागे सारून त्याने न्यायाधीशाचं भाषण सुरू केलं. एक शब्द चुकला नाही. बाईचा चेहरा असा उजळला, की मलाही वाटलं, झालं काम.

“बघा, अजून तोंडपाठ आहे!” तो हसत खाली बसला. “बोला, काय काम काढलंत?”

ती बोलू लागली. तो मान डोलवत होता, पण डोळे मोबाइलवर. मध्येच म्हणाला, “तुमच्या भावना कळतात मला, बाई. पण निर्णय झालाय.” आणि शिपायाला हाक मारून पुढच्या माणसाला आत घ्यायला सांगितलं. बाईचं वाक्य अर्धंच राहिलं.

जिन्यात माझा तोल सुटला. “काय माणूस आहे! अख्खं नाटक पाठ, आणि शिकला काय? डोंबल!”

ती कठडा धरून उभी राहिली.

“त्याला आई वाचायला लावलीच नव्हती मी,” ती म्हणाली. “संमेलन तोंडावर आलं होतं. न्यायाधीश इतका छान करायचा तो, की मीच म्हटलं, तू नको बदलूस.”



आता भिंतीपलीकडून काही ऐकू येत नाही. माझी समीकरणं वेळेत सुटतात, आणि ती शांतता मला सहन होत नाही.