सरळ रेघेची तक्रार

फर्निचरच्या कारखान्यात तिला सगळे काटकोनबाई म्हणायचे आणि अगदी तोंडावर म्हणायचे. कामाला लागून तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हाची गोष्ट. दारातूनच एका कपाटाकडे बघून ती म्हणाली होती, "हे उजवीकडे कललंय." मुख्य मिस्त्री हसला, त्यानं खोक्यातून काटकोन तपासायचा गुण्या काढून कोपऱ्याला लावला आणि पेचकस मागितला. कपाट खरंच कललेलं होतं, अर्ध्या अंशानं. तेव्हापासून तीस वर्षं ती कपाटांचे आराखडे काढत आली, गेली आठ वर्षं घरी बसून. काही वाकडं दिसलं की चूक सुताराची, हे तिचं ठरलेलं होतं. आणि दरवेळी ते खरंच निघायचं, म्हणून ती सवय मोडायचं कारणही कधी पडलं नाही.

हे सगळं चालायचं एका डोळ्यावर. चष्मा बाटलीच्या बुडासारखा जाड. त्यात डावा डोळा लहानपणापासून आळशी. त्याला माणसं ओळखू यायची, अक्षरं नाही. सगळी मदार उजव्यावर. "एक कामाला, एक शोभेला," असं ती स्वतःच म्हणायची आणि लोकांच्या आधी हसायची. एकटीचा संसार होता, तोही त्याच डोळ्याच्या जिवावर चाललेला.

एका वाचनालयाचं काम आलं आणि जुना मॉनिटर अपुरा पडायला लागला. पंधरा मीटर लांब भिंत, तिच्या कडेनं कपाटं. एक टोक बघावं तर दुसरं गायब. धाकट्या भावानं फोनवर सल्ला दिला, "ताई, कर्व्ह्ड अल्ट्रावाइड घे, रुंद आणि आत वाकलेला. चौतीस इंची. काम होईल आणि ट्रकचे दोन्ही आरसे एकदम दिसतील."

ट्रक म्हणजे त्यांचा खेळ. वडील ट्रक चालवायचे. ते गेल्यावर ही दोघं दोन गावांत राहून दर रविवारी दुपारी कॉम्प्युटरवर ट्रक चालवायची. पुढे त्याचा, मागे हिचा. कानाला हेडफोन लावून आठवडाभराच्या गप्पा व्हायच्या. हातात स्टिअरिंग असलं की भाऊ मोकळा बोलतो, एरवी त्याच्या तोंडून शब्द काढायला पक्कड लागते.

मॉनिटर निवडायला तिनं जेवढा वेळ घेतला तेवढ्यात लोक घर बांधून राहायला जातात. किती हर्ट्झ, किती पिक्सेल, काचेला चकाकी नको, स्टँड वर-खाली व्हायला हवा. वाक किती असावा यावर तर तिनं कहर केला. पंधराशे म्हणजे दीड मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा, एवढं कळल्यावर तिनं खुर्चीच्या पायाला दोरी बांधली, दुसऱ्या टोकाला खडू, आणि फरशीवर चाप काढून त्याच्यासमोर बसून बघितलं. मग हजाराचा काढला. तो जास्त जवळ घेतो असं तिला वाटलं. हजाराचाच आणला.

आठवडाभर ती खुशीत होती. नवव्या दिवशी कपाटाच्या वरच्या रेघेला मधोमध जरासा फुगवटा दिसला.

ती चपापली नाही. वाकलेल्या स्क्रीनवर सरळ रेघा वाकड्या दिसतात, अशी ओरड तिनं इंटरनेटवर शंभर ठिकाणी वाचली होती. खाली उत्तरंही असायची की सवय होईल, दोन आठवडे द्या. तरीपण खात्री करावी म्हणून तिनं स्टीलची फूटपट्टी काचेवर टेकवली. पट्टीही वाकडी दिसली. दिसणारच! पातळ पट्टी, वाकलेल्या काचेला दाबून धरली तर ती वाकेल नाही तर काय होईल? काटकोनबाईचं समाधान झालं. इतक्या हुशार बाईची अशी फसगत दुसऱ्या कुठल्याही वस्तूनं केली नसती.

दुकानात तक्रारीचा छापील अर्ज असायचा. दोष काय, कुठे, केव्हापासून. लोक "नीट चालत नाही" एवढं खरडून मोकळे होतात. हिनं लिहिलं, "सरळ रेघ वाकडी दिसते. जिथे बघावं तिथे मधोमध. फुगवटा दोन मिलिमीटर. नवव्या दिवसापासून." विक्रेता अदबीनं म्हणाला, "मॅडम, थोडी सवय करून बघा. अजून दोन आठवडे बघा, मग बदलून देतो." अर्जाची गुलाबी प्रत तिनं पर्समध्ये ठेवली.

ते दोन आठवडे तिनं डोळ्यांत तेल घालून काम केलं. वाचनालयाच्या भिंतीचा हातानं काढलेला नकाशा स्कॅन करून स्क्रीनवर घेऊन त्यावरून रेघ ओढायची होती. स्क्रीनचा वाक किती आणि भिंतीचा किती, याचं गणित ती मनातल्या मनात मांडायला लागली. भिंतीला पोट आहे असं तिनं ठरवलं आणि कपाटांच्या पाठी त्या मापानं कापायला दिल्या.

रविवारी ट्रक चालवताना भाऊ म्हणाला, "ताई, रस्त्याचा पट्टा सोडतेयस. गेल्या वेळीही सोडलास."

"स्क्रीन भिकार आहे. तूच सांगितलंस ना?"

तो ओशाळला. "मग कमी वाकाचा घे. अठराशेचा. चुकलंच माझं."

तेविसाव्या दिवशी मॉनिटर बदलला. दुसरा अर्ज लिहिला. "फुगवटा चार मिलिमीटर. रेघेचा मधला भाग पुसट." नवा आणला, जोडला, आणि पहिलीच रेघ तशीच दिसली. याच सुमाराला स्वयंपाकघराच्या दाराची चौकटही तिला मध्येच फुगलेली वाटली. तिनं सुताराला एक शिवी हासडली आणि दार लोटलं.

अडतिसाव्या दिवशी सकाळी मुख्य मिस्त्रीचा फोन आला. आवाज जड होता.

"बाई, भिंत सरळ आहे हो. दोरी लावून बघितली. तुम्ही बावीस कपाटांना पोट का दिलंत?"

"नकाशात भिंत फुगलेली आहे."

"नकाशा माझ्यासमोर आहे. सरळ आहे. मालक विचारतायत, सांगू काय?"

"माझा मॉनिटर खराब आहे. दुसराही खराब निघाला."

मिस्त्री हळूच म्हणाला, "बाई, राग मानू नका. पण दुसरा कुणी असं म्हणाला असता तर मीच म्हटलं असतं, नाचता येईना अंगण वाकडं."

तिनं फोन ठेवला. तीस वर्षांत तिचं एकही कपाट परत आलं नव्हतं. आता बावीस आली. सगळा राग तिनं त्या स्क्रीनवर काढला. हा वाकच नको, सपाट घ्यायचा, आज, आत्ता. मॉनिटर खोक्यात कोंबून तिनं रिक्षा केली. उतरताना फूटपाथची कड चुकली आणि ती गुडघ्यावर पडली. खोकं मात्र सोडलं नाही.

दुकानात उभ्याउभ्याच तिसरा अर्ज भरला. "फुगवटा सात मिलिमीटर. मध्ये राखाडी डाग. डागाखालचे आकडे वाचता येत नाहीत." लिहितानाही अक्षरं ओळ सोडून जात होती, तर पेन खराब म्हणून तिनं दुसरं मागितलं.

"सपाट दाखवा. एक आडवी रेघ काढून दाखवा."

विक्रेत्यानं सपाट मॉनिटरवर रेघ काढली. तिनं बघितलं. "हाही खराब आहे."

त्यानं दुसरा लावला. तिसरा लावला. "हासुद्धा! तुम्ही परत आलेला माल खपवता काय इथे?" तिचा आवाज चढला. मागे रांगेतली माणसं बघायला लागली. विक्रेत्यानं बिचाऱ्यानं गल्ल्यावरची लाकडी फूटपट्टी आणली, चांगली बोटभर जाड, आणि काचेला न टेकवता हवेतच तिच्यासमोर आडवी धरली.

"मॅडम, ही तरी सरळ आहे ना?"

पट्टी मधोमध फुगलेली होती. आणि जिथे त्याचा अंगठा असायला हवा तिथे राखाडी डाग होता.

तिनं पट्टीवरून नजर काढून मांडणीकडे नेली. मांडणीच्या फळ्या फुगल्या. दाराकडे नेली. दार फुगलं. ती जिथे बघेल तिथे तो फुगवटा आधीच जाऊन बसत होता. मग तिनं उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. शोभेच्या, आळशी डाव्या डोळ्याला सगळं धुरकट दिसत होतं, पण दाराची चौकट सरळ होती.

"मॅडम, पाणी आणू?" विक्रेता विचारत होता. तिनं तळहात काढला, पुन्हा ठेवला.

संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात औषध घातलं, यंत्रात बघितलं, बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "त्रास कधीपासून? नक्की आठवतंय?"

तिनं पर्समधून तीन गुलाबी कागद काढून टेबलावर ठेवले. डॉक्टरीणबाईंनी ते एकेक करून वाचले. दोन मिलिमीटर. चार मिलिमीटर, मधला भाग पुसट. सात, राखाडी डाग. तारखांसह.

"इतकं अचूक कुणीच लिहून आणत नाही," त्या म्हणाल्या. पहिला कागद त्यांनी हातातच ठेवला. "चष्म्याचा नंबर मोठा असला की कधीकधी डोळ्याच्या पडद्याखाली रक्ताच्या नव्या नळ्या फुटतात. त्या झिरपतात. या तारखेला आला असतात तर..." त्यांनी कागदावरून नजर काढली. "आता इंजेक्शन देऊ, उद्याच. आहे तेवढं राखायचा प्रयत्न करू. मध्ये व्रण झालाय, तो जाणार नाही."

"म्हणजे रेघ?"

"रेघ तशीच दिसेल."

ती रडली नाही. तो पहिला कागद मागून घेतला, त्यावरची तारीख डाव्या डोळ्याशी नेऊन वाचायचा प्रयत्न केला, आणि जमलं नाही. मी स्वतःच लिहिलंय हे, माझ्या हातानं, ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तरी थांबेना.

रात्री भावाचा फोन आला. त्याला अजून काहीच माहीत नव्हतं. त्याच्या मनाला आपण दिलेला सल्ला खात होता.

"ताई, बदलला का? मी आज खूप शोधलं. सपाटमध्येही दोन चांगले आहेत. मग काय ठरवलंस, सपाट की वाकलेला?"

ती अंधारात बसली होती. समोर टेबलावर जागा रिकामी होती.

"तू सांगशील तो," ती म्हणाली. "मला आता दोन्ही सारखेच दिसतात."