कार्ड की रॅम, आणि माझं फडकं

मंडळी, बोलतेय मी, टाइप करतेय नात प्रज्ञा. मला अक्षरं येत नाहीत, बडबड येते.

आमचं घर धरणगावात, कापसाच्या जिनिंग गिरणीशेजारी. रुई उडते म्हणून मी सगळ्यावर फडकं घालते, प्रज्ञाच्या चालू कॉम्प्युटरवरसुद्धा. तिचा गेम सारखा अडकायचा. साठवलेल्या पैशांत एकच वस्तू येणार होती: ग्राफिक्स कार्ड की रॅम?

आज तिनं डबा उघडला. फडक्यावर साचलेली रुई आत ओढून पंखे गच्च!

"आजी, तूच गुदमरवलंस याला!"

साफ केल्यावर गेम सुरळीत चालला. पडद्यावर डोंगरावरून धबधबा कोसळला आणि मी पदर सावरत मागे सरले. एवढं पाणी माणसानं नुसतं विजेतून घडवलं?

प्रज्ञा म्हणाली, "कार्ड घेतलं तर थेंबन् थेंब दिसेल."

म्हटलं, मग कार्डच घे बाई, माझे डोळे शाबूत आहेत तोवर. बरोबर ना मंडळी?