चुन्याने आखलेलं घर

शनिवार, २२ जानेवारी १९९४. दुपारचे तीन. जागा – बनारस, मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या मुलींच्या शाळेचं फरसबंद आवार. हजर: मी (इतिहासाची शिक्षिका, तेव्हा वय चव्वेचाळीस), उत्खननाचं काम करणारे देवधर सर आणि आठवीच्या पाच मुली. त्यांतली एक माझी भाची मृणाल – भावाची मुलगी, शिकायला माझ्याकडे ठेवलेली.

हे आधी लिहिलं, कारण मी याद्या करणारी बाई आहे. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही 'आहे' असं म्हणवत नाही... पण घडलं ते घडलं.

देवधर सरांची शिकवायची पद्धत वेगळी होती. शहराबाहेरच्या टेकाडात त्यांना दोनेक हजार वर्षांपूर्वीचं एक घर सापडलं होतं. त्याचा नकाशा खऱ्या मापात फरशीवर चुन्याने आखायचा आणि मुलींनी घरातली माणसं होऊन त्यात वावरायचं – दळायचं, चूल पेटवायची, पाहुणा आला की उठायचं. मी बाजूला बसून प्रत्येकीच्या पावलांची वाट ग्राफपेपरवर रेघेने काढायची. त्यावरून सर अंदाज बांधायचे, की घर कसं वापरलं गेलं असेल. नकाशा सकाळी मी एकटीनेच आखला होता. मूळ कागद माझ्या पिशवीत.

अर्ध्या तासाने पाहिलं, तर रेघांच्या गर्दीत, अंगणाच्या कोपऱ्यात, एक गोल कोरा राहिला होता. पाचही जणी तिथून वळसा घालून जात होत्या. फरशीवर तिथे चुन्याचा ठिपकासुद्धा नव्हता. विचारलं तर म्हणाल्या, असंच.

मला 'असंच' चालत नाही. मी मृणालला सांगितलं, तिथे मधोमध जाऊन उभी राहा. ती नको म्हणाली. दोनदा म्हणाली. मी आवाज चढवला. एका मैत्रिणीने चिडवलं, "अरे मृणाल, फर्श में डूब जाएगी क्या?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

मृणाल कडेला गुडघ्यांवर बसली आणि तिने एक हात पुढे टेकवला. मग मान खाली घालून काहीतरी पुटपुटली. तिचा आवाज घुमला. उघड्या आवारात, भर उन्हात – रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा.

"आत्या," ती म्हणाली, "ती हात सोडत नाहीये."

मी धावले. तळवा फरशीवर सपाट होता, दिसायला काहीच नाही, पण उचलेना. मी तिला काखेत धरून ओढलं, सरांनी मला मागून ओढलं. मृणाल रडत नव्हती... त्याचीच मला जास्त भीती वाटली. मग हात एकदम सुटला आणि आम्ही तिघं मागे पडलो. तो कोपरापर्यंत ओला होता, काळ्या गार चिखलाने माखलेला. फरशी मी चाचपून पाहिली – कोरडी, उन्हाने तापलेली.

संध्याकाळी मूळ नकाशा काढला. त्या कोपऱ्यात विहीर होती – भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून बांधलेली. आखताना मी तीच विसरले होते. आणि तो कागद मुलींपैकी कोणीही पाहिलेला नव्हता.

मृणालला आठ दिवस ताप होता. उतरल्यावर ती इतकंच म्हणाली, की ती बाई खाली ओढत नव्हती. वर यायला बघत होती.

याचा उलगडा मला आजपर्यंत झालेला नाही. सरांनाही झाला नाही. टेकाडावरची ती विहीर सातव्या कड्यापर्यंतच खणली होती; पाणी लागलं म्हणून काम थांबवून वाळू भरली होती. खालची कडी पुढच्या हिवाळ्यात खणू, असं सर म्हणाले, आणि मग त्यांची बदली झाली. मृणाल आता नागपूरला असते. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलत नाही. फक्त दर जानेवारीत फोनवर विचारते, की विहीर पुरती खणली का.

मी सांगते – अजून नाही.