मावशींच्या बोटावरचा आकडा

भूल देणारी डॉक्टर म्हटलं की लोकांना वाटतं, ही सुई टोचते आणि मोकळी होते. माझं खरं काम सुई टोचल्यावर सुरू होतं. ते पहाऱ्याचं काम. लोणावळा, कामशेत, वडगाव अशा छोट्या दवाखान्यांतून मी फिरते आणि माझा स्वतःचा मॉनिटर गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलेला असतो. नवरा म्हणतो, मला कधी एवढं जपलं नाहीस. दंडाला पट्टा, छातीला चिकट बटणं, बोटाला चिमटा. कुठे कापायचं नाही की टोचायचं नाही, तेवढ्यावर माणूस आतून कसा चाललाय ते कळतं. त्या चिमट्यावर माझा देवापेक्षा जास्त भरवसा आहे.

पवनानगरच्या पलीकडच्या वस्तीवरून एक आबा आले होते. जन्म धरणात जाळी टाकण्यात गेलेला. आतड्यात गाठ होती आणि ती काढायची तर पूर्ण भूल द्यावी लागणार होती. विड्यांनी फुप्फुसांची मात्र पार चाळण केलेली. चिमटा लावला तर ऑक्सिजन नव्वदच्या खाली-वर रेंगाळत होता. सर्जन म्हणाले, घेऊन टाकू. मी म्हटलं, आत्ता घेतलं तर हे टेबलावरून उठणार नाहीत. विड्या बंद, औषधाचा पंप ओढायचा, फुगे फुगवायचे, मग महिन्याभराने बघू. गाठ तोवर थांबेल की नाही, हे कोणीच सांगू शकत नव्हतं.

कोरोनापासून त्यांच्या घरी बोटाला लावायचं छोटं यंत्र होतं. रोज सकाळी त्यावरचा आकडा मला फोनवर कळवा, असं मी त्यांच्या बायकोला सांगितलं. या मावशी कधी शाळेत गेल्या नव्हत्या, पण आकडे वाचायच्या. पहिले काही दिवस फोनच नाही. मग आला, “सत्त्याण्णव हाय, बाई.” पुढे अठ्ठ्याण्णवसुद्धा आला. मी इतकी खूश झाले की दुसऱ्या विडी ओढणाऱ्या पेशंटांना आबांचं उदाहरण द्यायला लागले. ऑपरेशन ठरलं.

त्या दिवशी सकाळी आबा टेबलावर डोळे मिटून पडले. मी चिमटा लावला. ब्याऐंशी. बोट गार असलं तर यंत्र चुकतं, म्हणून हात चोळला, बोट बदललं. तेवढंच. शेवटी कानाच्या पाळीला लावला. पडद्यावर नाडीची रेघ अगदी स्वच्छ उमटली, म्हणजे यंत्र चुकत नव्हतं, आणि शेजारी आकडा एक्याऐंशी. छातीला नळी लावून ऐकलं तर आत नुसती घरघर. सर्जनकडे बघून मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी हातमोजे काढले.

मी एकेक वायर सोडवत होते, तेवढ्यात आबांनी डोळे उघडले. “झालं? कायबी कळलं न्हाई की!” म्हणाले आणि तोंडभर हसले.

“नाही आबा. आज करत नाही आपण.”

“मग कवा?”

मी पट्टा गुंडाळत राहिले.

बाहेर मावशी बाकड्यावर बसल्या होत्या. मी तोंडाळ आहे, त्यात संतापलेली. “मावशी, ते यंत्र कोणाच्या बोटाला लावत होतात?”

त्या जराही चाचरल्या नाहीत. “त्यांच्या बोटाला लागतच न्हवतं, बाई. जाळ्याच्या दोऱ्यांनी बोटांचं पार लाकूड झालंय. नुसत्या रेघा यायच्या. मग मी माझ्या बोटाला लावलं. आमी एका घरात ऱ्हातो, एकाच चुलीवरचं खातो, हवा बी एकच. त्यांचं येगळं कसं असंल?”

मावशींनी फसवलं असतं तर बरं झालं असतं, निदान माझ्या रागाला जागा मिळाली असती. आबांना मी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं, त्यांनीही तेच सांगितलं. फुप्फुसं भूल सोसणार नाहीत, हृदयही थकलंय, गाठ पसरलीय. “माज्यामुळं झालं का?” मावशींनी विचारलं. मी नाही म्हटलं. ते खरं होतं का, मला अजून माहीत नाही.

कोमट पाण्यात हात बुडवून, पुसून, करंगळीला यंत्र कसं लावायचं, हे मी त्यांना शिकवलं. घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवलं, पण वस्तीवर वीज असेल तेव्हाच ते चालायचं. आता फोनवर खरे आकडे येऊ लागले. एकोणऐंशी. शहात्तर. मी नुसतं ‘बरं’ म्हणायची.

एकदा कामशेतला पेशंट आत घेतला होता आणि मी दारातच होते. मावशींचा फोन. “आज अडुसष्ट, बाई. मशीन चालू हाय तरी.” मग त्यांनी विचारलं, “किती झालं म्हंजे तुमाला सांगायचं थांबवू?”

“आता यंत्र लावूच नका, मावशी. त्यांच्याजवळ बसा.”

“बसलेच हाय की. पर बसून करू काय, ते सांगा.”

आजवर मी हजार नातेवाइकांना काय काय करायचं ते बजावलंय. त्यातलं एकही वाक्य आठवेना. मावशी पलीकडे थांबून होत्या आणि आबांच्या श्वासाचा आवाज मला फोनवर ऐकू येत होता.