समितीतली खोटी सही

हिंदी मुलखातल्या बिजौलीच्या कारखान्यात विधी विभाग म्हणजे मी एकटी. दिल्लीचं मुख्य कार्यालय नियमपालनाची यादी पाठवायचं आणि मी एकेका ओळीपुढे ‘पूर्ण’ लिहून ती परत पाठवायची. कायद्याने सक्तीच्या असलेल्या महिला तक्रार समितीच्या ओळीपुढेही दोन वर्षं मीच ‘पूर्ण’ लिहिलं होतं.

मग पॅकिंगमधली एक बाई दोन पानी अर्ज घेऊन आली. सुपरवायझर तिला कामाच्या निमित्ताने गोदामात बोलवायचा आणि अंगलगट करायचा. तिने झिडकारल्यावर त्याने तिची कामाची पाळी बदलली होती. मी अर्ज मॅनेजरांकडे नेला. त्यांनी तो धड वाचलाही नाही. वार्षिक अहवालात तक्रारी शून्यच जायला हव्यात, तिला समजावून अर्ज मागे घ्यायला लावा, म्हणाले. वर मलाच ऐकवलं, की तुमचं काम कंपनीला वाचवायचं आहे.

मी संतापून समितीची फाइल काढली. बाहेरच्या सदस्य म्हणून सदर बाजारातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं नाव आणि सही होती. फाइल घेतली आणि स्कूटर काढून थेट त्यांच्या घरी गेले. त्यांनी चष्मा लावून सही निरखली. ती त्यांची नव्हती. अशी काही समिती आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मला मान वर करवेना. दोन वर्षांत एक फोन करायला मला काय झालं होतं?

शिक्षिकाबाई चिडल्या, पण उठवून लावलं नाही. म्हणाल्या, “पहले सच्चा काग़ज़ लाइए. फिर बैठक बुलाइए. मैं आऊँगी.”

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरांना एवढंच विचारलं, “बाईंचं खरं नेमणूकपत्र देता, की ही सही पोलिसांत नेऊ?”

पत्र संध्याकाळपर्यंत मिळालं. समिती पहिल्यांदाच बसली. पॅकिंगमधल्या तिघींनी साक्ष दिली, सुपरवायझरला काढलं आणि त्या बाईला तिची जुनी पाळी परत मिळाली. अहवालात मी ‘एक’ लिहिलं. त्यावर दिल्लीहून फोन आला, की एवढ्याशा गोष्टीसाठी कोरी पाटी खराब केलीत. एवढीशी गोष्ट!

ती सही कोणी केली, याची चौकशी मी दिल्लीकडे तीनदा लेखी मागितली आहे. अजून उत्तर नाही.