कंपासचं भोक

सरकारने रागावण्याचं वेगळं खातं काढलं असतं, तर माझ्या बायकोचे मामा त्याचे तहहयात संचालक झाले असते. इंजिनियरिंगच्या पोरांना ड्रॉइंग शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि जगात एकही रेघ सरळ नाही, अशी खात्री पटल्यावर ते निवृत्त झाले. ठाण्याला नौपाड्यातल्या घरातून ते रोज सकाळी फिरायला म्हणून निघत आणि गाव तपासून येत. दुकानाची पाटी तिरकी दिसली की दुकानदाराची शाळा. हॉटेलातलं टेबल डगडगलं की चहा बाजूला राहायचा आणि मालकाला बोलावणं जायचं : "चार पाय दिलेत कशाला? तीन पायांचं टेबल कधी डगडगत नाही, एवढं तरी शिका!" घोडबंदर रोडला फ्लॅट बघायला आम्ही त्यांना हौसेने नेलं. सेल्समन पोहण्याचा तलाव दाखवत होता आणि मामा टेप लावून जिना मोजत होते. "ही पायरी बाकीच्यांहून उंच आहे. पहिला म्हातारा इथेच पडणार," असं त्यांनी सर्वांदेखत जाहीर केलं. तो फ्लॅट राहिला तो राहिलाच. आम्ही अजून डोंबिवलीतच आहोत.

बारावीचे निकाल लागले की त्यांच्या रागाला बहर यायचा. पेढ्यांचा पुडा आणि पोर घेऊन पालक सल्ला मागायला येत. मामा आधी पालकांना स्वयंपाकघरात मामींकडे पिटाळत, कारण "ब्रँच कुठली घेऊ?" हा प्रश्न बापाने विचारला की त्यांच्या कपाळाची शीर उडे. मग पोराला समोर बसवून तोफ सुरू. "पहिल्या बाकावर बस. मागून विद्यापीठ दिसत नाही, टकली दिसतात." "सिनियर सांगेल ते करू नकोस. तो अजून तिथेच का आहे, ते आधी विचार." आणि शेवटी ठरलेलं वाक्य : "मोठं विद्यापीठ आहे बाबा. तिथे तू हरवलास तर शोधायला कुणी येणार नाही. नापास झालास तरी चालेल, पण स्वतःच्या हाताने हो!" पोरं पेढा न खाताच बाहेर पडायची.

आमच्या ऋचाला अशाच एका अवाढव्य विद्यापीठात प्रवेश मिळाला, तेव्हा तिनेही हे सगळं खाली मान घालून ऐकलं. मी कशाला ऐकतोय? माझ्या हातात गुळगुळीत माहितीपत्रक होतं. त्यात हिरवळ होती, हिरवळीवर लॅपटॉप घेऊन हसणारी मुलं होती. एका वर्गात किती मुलं कोंबतात आणि वह्या न वाचता त्यांवर सह्या कोण करतं, हे त्यात कुठेच नव्हतं. असली माहितीपत्रकं छापणाऱ्यांना त्याच हिरवळीवर उन्हात उभं करावं, असं मला आजही वाटतं.

पहिलं सेमिस्टर संपत आलं आणि परीक्षेआधी ऋचा घरी आली. सरांची सही होऊन आलेली तिची पहिली ड्रॉइंग शीट मी चक्क फ्रेम करून हॉलमध्ये लावली होती. कुणी मुलीचं प्रमाणपत्र लावतं, मी शीट लावली. येणाऱ्याजाणाऱ्याला आधी ती दाखवायची, मग पाणी. त्या रविवारी मामा जेवायला आले आणि सवयीप्रमाणे फ्रेम सरळ करायला गेले. चष्मा वर केला, नाक काचेला टेकवलं आणि फ्रेम तशीच तिरकी सोडली. मामांनी तिरकी फ्रेम सोडली, म्हणजे काहीतरी भयंकर घडलंय, हे आम्हाला कळलं.

"ऋचा, वर्तुळाच्या मध्यात कंपासचं भोक कुठंय?"

ऋचाचा चेहरा पांढराफटक पडला. काचेखाली दिवा लावायचा, काचेवर सिनियरची शीट, तिच्यावर आपला कोरा कागद, आणि गिरवत सुटायचं. इंजिनियरिंगची पोरं याला जीटी मारणं म्हणतात. काचेवर कंपासचं टोक रुतत नाही, म्हणून वर्तुळ भोकाशिवाय उमटतं. मी मोठ्या कौतुकाने नक्कल फ्रेम केली होती.

"सगळेच मारतात, आजोबा," ती म्हणाली. "शीट दिली नाही तर सबमिशन होत नाही. सर बघतच नाहीत, नुसती सही करतात. त्यांना माझं नावसुद्धा माहीत नाही. मला त्यातलं काहीच येत नाही. मी परत नाही जाणार."

"सही केलीच कशी त्याने? डोळे फुटले होते?" मामा एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्यांनी दार उघडलं. मग माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही, जावईबापू? पोरगी बुडतेय आणि तुम्ही खिळा ठोकताय!" जेवण तसंच राहिलं. त्यांनी फरशीवर कोरा कागद पसरला, मोठ्या कष्टाने मांडी घातली आणि तिला समोर बसवलं. "टोच. जोरात टोच. कागद फाटला तर दुसरा घेऊ." परीक्षेपर्यंत ते रोज ठाण्याहून येत राहिले आणि रोज ओरडत राहिले. ऋचा परत गेली. गणित राहिलं, केटी लागली, ड्रॉइंग मात्र सुटलं. आज ती तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिच्याकडे शीट मागायला येणाऱ्या ज्युनियर पोरांत खडूस म्हणून बदनाम आहे.

यंदा मामांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. हात वाचला, राग गेला. आता ते खिडकीशी बसतात आणि दिसेल त्याला "छान" म्हणतात. मागच्या महिन्यात ऋचा भेटायला गेली, ती मुद्दाम एक शीट घेऊन. रेघा वाकड्या, मापं चुकलेली, वर्तुळाला भोक नाही. मामांनी ती दोन्ही हातांनी धरली, हसले आणि म्हणाले, "छान आहे हो."

"आजोबा, ओरडा ना. एकदाच," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मला इतका राग आला, की कुणावर काढू तेच कळेना. मामा घाबरून तिच्याकडे बघत राहिले. मग मामींकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "काय गं, कुठे चुकलंय?"